सात नंबरच्या खाटेवरची मुळी

या, असे जवळ येऊन बसा. दाराशी कशाला, मध्ये जागा आहे. गुडघे कुरकुरत असतील तर भिंतीला टेका, कुणी हसणार नाही. आज राजाराणीची गोष्ट नाही, चमत्काराचीही नाही. आज एका मुळीची गोष्ट सांगायची आहे. वीतभर लांब, काळ्या सालीची, इतकी कळकट की वाटेत पडलेली दिसली असती तर तुम्हीआम्ही तिला पायानं बाजूला सारलं असतं. पण त्या मुळीनं एका मिस्त्रीचा सिमेंट कालवायचा मिक्सर उभ्या जागी थांबवला. कसा, ते ऐकल्याशिवाय उठायचं नाही.

तर सुरुवात ताईपासून.

ताईची सगळी नोकरी हाडांच्या वॉर्डात गेली. प्लास्टरच्या खोलीत ती मदतनीस. ओल्या पट्ट्या पिळून डॉक्टरांच्या हातात द्यायच्या, प्लास्टर सुकेपर्यंत रोग्याचा पाय आपल्या मांडीवर धरून बसायचं, आणि मुदत संपली की करवतीनं ते कापून काढायचं. रोगी म्हणजे किती तऱ्हेचे. कुणी प्लास्टरच्या आत फूटपट्टी घालायचा, कुणी विणायची सुई, एका मास्तरांनी तर छत्रीची काडी मोडून घातली होती. खाज सुटते म्हणायचे. ताईला ठाऊक होतं की कातडीची खाज थोडी आणि मनाची फार. आत काय चाललंय, जुळतंय की नाही, हे बघितल्याशिवाय माणसाला चैन पडत नाही. ती प्रत्येकाच्या हातातली सुई काढून घ्यायची आणि एकच सांगायची. "आत देवाचं काम चाललंय. आपण दाराशी गप्प बसायचं."

हे वाक्य गाठीला बांधून ठेवा. पुढे लागणार आहे.

लग्न तिनं केलं नाही. का नाही, हे विचारणारे विचारून थकले आणि तिला कधी त्याचं उत्तर द्यावंसं वाटलं नाही. हॉस्पिटलच्या आवारात तिची एक खोली होती, खिडकीत दोन कुंड्या होत्या, देवाचं नाव घ्यायला गळा बरा होता. निवृत्ती जवळ आली तसा आजूबाजूच्यांना घोर लागला की आता ही जाणार कुठं. तिला तो घोर नव्हता. घरी जाणार, असं ती म्हणाली. घरी म्हणजे आईवडिलांच्या घरी, जिथं आता धाकटा भाऊ आणि वहिनी राहत होते.

भाऊ गवंडी. गल्ली त्याला मिस्त्री म्हणायची, आणि बायकोही चारचौघांत मिस्त्रीच म्हणायची. कामाला असा चोख की त्याच्या ओळंब्यापुढे भिंतीनं वाकडं व्हायची हिंमत करू नये. वाळू दोनदा चाळल्याशिवाय त्याच्या हाताखाली माल कालवला जात नसे. वाळूत एक काडी दिसली की गड्याच्या सात पिढ्यांचा उद्धार. त्याच्या सिमेंटच्या कोब्यावर तांब्याभर पाणी ओतलं तर ते आज्ञाधारक पोरासारखं सरळ मोरीकडे चालू लागे. लोक थट्टा करत, बहीण पायांना प्लास्टर करते, भाऊ भिंतींना. या घरात काही जागचं हलेल तर शपथ.

मातीशी मात्र त्याचं हाडवैर. माती म्हणजे चिखल, माती म्हणजे पायपुसण्याचा खर्च, माती म्हणजे ज्याला काम नाही त्याचं अंगण. पुढच्या दारी त्यानं केव्हाच कोबा केला होता. जिन्याखाली कोबा, गच्चीवर कोबा. वहिनी म्हणायची, मी दुपारी फार वेळ एका कुशीवर पडत नाही, न जाणो, डोळा लागला तर हे माझ्यावरही थापी फिरवतील. उरलं होतं ते मागचं परस. तिथं इतक्या वर्षांच्या कामांचा राडारोडा येऊन पडला होता: विटांची खांडकं, चुन्याची ढेकळं, फुटक्या फरशा. त्याखाली कुठेतरी माती असावी असा नुसता अंदाज. मिस्त्रीला तिथंही कोबा घालून फळ्या, बांबू आणि घमेली ठेवायला पक्की जागा करायची होती. आणि ताईसाठी त्यानं जी खोली रंगवून ठेवली होती, तिचं दार नेमकं त्या परसात उघडायचं.

आता चला सात नंबरच्या खाटेकडे.

ताईच्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी तिथं एक म्हातारी आली. खुब्याचं हाड मोडलेलं, पायाला वजन बांधलेलं, उताणी पडून छताकडे बघत राहायचं. अंग जखडलेलं, तोंड मोकळं. डॉक्टर आले की म्हणायची, बसा हो, दमला असाल. घरी तिची बाग होती. बाग म्हणजे अंगणाचा एक तुकडा, पण त्यात तिचं एक लाडकं झाड होतं, कॉम्फ्री. बैलाच्या जिभेसारखी खरखरीत, केसाळ पानं, जांभळ्या इवल्या घंटांसारखी फुलं, आणि मूळ इतकं खोल की म्हातारी म्हणायची, ते पार पाताळातल्या देवाच्या पाया पडून येतं. पानं कापायची आणि बाकीच्या झाडांच्या बुडाशी अंथरायची. ती तिथं कुजतात, घाण वास मारतात, आणि सगळी बाग अंग धरते. पूर्वी मोडक्या हाडावर या पानांचा लेप बांधत, असंही तिनं सांगितलं, तेव्हा हाडांच्या वॉर्डात उभं आयुष्य काढलेल्या ताईनं तिच्या पायाकडे बघितलं. म्हातारी हसली. माझ्या खुब्याला नाही हो उपयोग झाला, म्हणाली, पण मला झाला.

ती खाटेवर असतानाच मुलांनी त्या अंगणात कोबा घालून घेतला. चिखल नको, आणि आई काही आता उठत नाही, असा विचार. शेजारणीनं मजुरांच्या फावड्याखालून एक मुळी उचलली, ओल्या फडक्यात गुंडाळून हॉस्पिटलात आणून दिली. म्हातारीनं ती पेल्यात ओल्या वाळूत खोचली आणि खाटेशेजारच्या कपाटात औषधांच्या मागे लपवली. ताईनं बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं.

तो कोबा कुणी घातला, हे ताईला विचारावं लागलं नाही. त्याच आठवड्यात मिस्त्री तिला भेटायला आला होता, नखांत काळी माती आणि कपाळाला आठ्या. एका घरचं अंगण करतोय, म्हणाला, कसल्या मुळ्या आहेत कोण जाणे, खणावं तितक्या खाली जातात. शेवटी वरच्यावर छाटल्या आणि माल ओतला. ताईनं त्याला पाणी दिलं. त्याला काम सांगितलं होतं, त्यानं केलं होतं. पण त्या रात्रपाळीत ती सात नंबरच्या खाटेजवळून जाताना मान खाली घालून गेली.

म्हातारी घरी परतलीच नाही. डोळे मिटायच्या आदल्या दिवशी तिनं ताईला जवळ बोलावलं आणि पेला तिच्या हातात दिला.

"माझ्या घरी आता हिला माती नाही. तू लाव. तुकडे केलेस तरी चालेल, तुकड्यातुकड्यात झाड असतं. आडवी ठेव, दोनतीन बोटं खोल. पण जागा बघून लाव हो. एकदा बसली की ही हलत नाही. हलवायला येणाऱ्यालाच हलावं लागतं."

आणि उकरून बघू नकोस, असंही ती म्हणाली. ताई म्हणाली, आजी, ते मला नका शिकवू.

झाला पूर्वरंग. आता खरी कथा.

ताई घरी आली ती एक ट्रंक, दोन कुंड्या आणि तो पेला घेऊन. भावानं ट्रंक स्वतः उचलली, वहिनीनं गरम पाणी काढून दिलं. चार दिवस सगळं गोडीगुलाबीचं. पाचव्या दिवशी ताईनं कुदळ मागितली.

परसाच्या ज्या कोपऱ्यात सकाळचं ऊन पडायचं, तिथं ती कामाला लागली. विटा वेचल्या, फरशा वेचल्या, चुन्याची ढेकळं पाटीत भरून दूर नेली. खाली माती निघाली. निघाली म्हणजे काय, एखाद्या माणसाला फार वर्षं कुणी हाक मारली नसावी आणि त्यानं हळूच ओ द्यावी, तशी निघाली. तिच्यात तिनं रस्त्याकडेचा कुजका पाचोळा आणून मिसळला. आणि माती साफ करायला मिस्त्रीची वाळूची चाळणी घेतली. ठिणगी तिथं पडली.

मिस्त्री कामावरून आला आणि त्यानं आपल्या चाळणीत माती बघितली. आवाज चढवला नाही त्यानं. तो समजुतीच्या सुरात म्हणाला की ताई, इथं काही उगवत नाही, चुना मुरलाय इथं. हातातल्या कामाचा स्लॅब ओतून झाला की मी मिक्सर इकडंच आणणार आहे. वाळूही टाकून ठेवलीय. तुला झाडाचा नाद असेल तर सिमेंटची कुंडी बांधून देतो, पाहिजे तेवढी मोठी.

"कुंडीत हिचं मूळ मावत नाही," ताई म्हणाली.

मग दुसरं काही लाव, तो म्हणाला. आणि जन्मभर राबलीस, आता पाहुणीसारखी आरामात राहा की.

शब्द प्रेमानंच आला होता, यात शंका नाही. पण काही शब्द प्रेमानं आले तरी पायात काटा जातो तसे जातात. ताईनं कुदळ जमिनीत रोवली आणि तिच्यावर दोन्ही हात ठेवले.

"पाहुणी असते तर सुटकेस घेऊन आले असते, ट्रंक नाही. हे घर आईनं दोघांना ठेवलं. पुढचं अंगण तुझ्या मनासारखं झालं, जिना झाला, गच्ची झाली, मी हूं का चूं केलं नाही. हा तुकडा माझा."

वहिनी दारात उभी होती. मी तुम्हा भावंडांच्या मध्ये पडत नाही, असं तिनं सांगितलं आणि लगेच मध्ये पडली. मिक्सर यायला अजून अवकाश आहे ना, मग तोवर वन्सं लावतील ते लावू देत. उगवलं तर जागा वन्संची, नाही उगवलं तर घाला तुमचा कोबा. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. दोघांचीही हनुवटी आईवर गेलेली, एकाच तऱ्हेनं पुढे आलेली. मिस्त्री म्हणाला, कबूल, तोवर मी त्या मातीला बोटसुद्धा लावणार नाही. ताई म्हणाली, कबूल. कसली मुळी आहे ते त्यानं विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी ताईनं स्वयंपाकघरातल्या सुरीनं मुळीचे चार तुकडे केले. बाहेरून कोळसा, आतून खोबऱ्यासारखी पांढरीशुभ्र आणि बोटांना बुळबुळीत. एकेक तुकडा हात हात अंतरावर आडवा निजवला, वर माती ओढली, हलकं पाणी घातलं आणि खुणेसाठी प्रत्येकावर फरशीचा एकेक कपचा ठेवला. मग देवाचं नाव घेतलं आणि हात धुतले.

आणि काही उगवलं नाही.

आठवडा गेला, आणखी गेला. ताई रोज सकाळी बादली उलटी घालून तिच्यावर बसायची, जिभेवर नाम आणि नजर मातीवर. गल्लीला विषय मिळाला. मिस्त्री येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागला की आमच्या ताईनं फरशा पेरल्यात, दोन महिन्यांत बाथरूम उगवेल. शेजारच्या काकांनी कुंपणावरून विचारलं की नळ कधी येणार. ताई म्हणाली, आधी साबण येईल, तुम्हाला लागणार आहे तो. काका आठवडाभर कुंपणाकडे फिरकले नाहीत.

वहिनीची गंमत वेगळी. ती रोज विचारायची, वन्सं, आत काही चाललं असेल का हो? की गेलं कुजून? ताई म्हणायची, चाललं असेल. वहिनीचा जीव तेवढ्यानं भरायचा नाही. एकदा ताई बाजारातून आली तर दुसरा कपचा जरा तिरका बसलेला दिसला. मांजर असेल, ती मनाशी म्हणाली. पुढच्या आठवड्यात चौथा कपचा तिनं ठेवला होता त्याच्या उलटा होता, खडबडीत बाजू खाली. मांजर कपचे उलटे करत नाही, हे तिला कळत होतं. पण चौकशी करायची तर माती उकरावी लागणार होती, आणि माती उकरायची नव्हती.

एका सकाळी तिचेही हात शिवशिवले. खोटं कशाला सांगायचं. ती चमचा घेऊन पहिल्या कपच्यापाशी बसली. एवढासा कोपरा वर करायचा, बघायचं, झाकून टाकायचं. चमच्याचं टोक मातीला टेकलंही. तेव्हा तिला ते छत्रीची काडी घालणारे मास्तर आठवले, आणि तिनं त्यांना भर वॉर्डात कसं फैलावर घेतलं होतं तेही आठवलं. जन्मभर जे लोकांना सांगितलं ते आज स्वतःला सांगायची पाळी आली होती, आणि ऐकणारीण फार हट्टी होती. ताई उठली, चमचा धुऊन जागेवर ठेवला आणि परत येऊन बादलीवर बसली, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून.

स्लॅब ओतून झाला. मिक्सर आला.

दोन गडी आणि मिक्सरवाला, असे तिघं ते धूड ओढत मागच्या बोळातून परसात घेऊन आले. सिमेंटच्या गोण्या रचल्या गेल्या. वाळूचा ढीग भिंतीला लागून ताडपत्रीखाली केव्हापासून पडलेलाच होता. मिस्त्री वाफ्यापाशी येऊन उभा राहिला. चार कपचे, मध्ये ओली माती, हिरवं काही नाही. त्यानं टोमणा मारला नाही, याची नोंद असू द्या. ताई, ठरलं होतं आपलं, एवढंच म्हणाला.

ताई वाफ्यात बसली. बादलीवर नाही, खाली मातीत, पाय पसरून, दोन कपचे डाव्या अंगाला आणि दोन उजव्या.

"ठरलं होतं ते तुझं नि माझं. ही कुणाची आहे ते तुला सांगितलं नव्हतं, ते आता ऐक. ही सात नंबरच्या खाटेवरच्या म्हातारीची आहे. तिच्या अंगणात कोबा तू घातलास. ती उताणी पडलेली होती, उठून तुला अडवू शकली नाही. मी धडधाकट आहे, मी बसून अडवणार. तुला घालायचाच असेल तर घाल, माझ्या पायांवरून घाल. प्लास्टर कापून कसं काढतात ते मला येतं."

गडी एकमेकांकडे बघू लागले. वहिनीनं तोंडावर हात ठेवला. मिस्त्रीचा चेहरा असा झाला, जसा ओल्या गिलाव्यावर कुणी पंजा उमटवावा. काहीतरी करायचं म्हणून तो वळला आणि त्यानं ताडपत्रीचं टोक धरून ओढलं.

ढिगाच्या कुशीतून, ताडपत्रीच्या ऊबेत, पानं वर आली होती. एक नाही, दोन नाही, चांगला झुबका. अंधारात वाढलेली म्हणून फिकट, पिवळसर, पण जिभेसारखी लांब आणि अंगभर केस. दबून वाकली होती ती, ताडपत्री निघताच हळूहळू मान वर करायला लागली.

मिक्सरवाला म्हणाला, "मिस्त्री, तुमच्या वाळूत पालक झालाय."

कुणी हसलं नाही. ताई बसल्या जागेवरून बघत राहिली. मुळीला पाय नसतात. वाफ्यातून भिंतीपर्यंत ती चालत गेली नसणार. मग तिला चौथा कपचा आठवला, उलटा ठेवलेला, आणि तिनं भावाकडे बघितलं. गवंड्याचा हात. फरशी दिसली की खडबडीत बाजू मालात, गुळगुळीत वर, असाच बसणार तो.

मिस्त्री वाळूजवळ उकिडवा बसला. बोलताना त्यानं ताईकडे पाठच ठेवली. कुजली असेल तर कुजली म्हणून सांगावं, उगाच ताटकळत का ठेवायचं, म्हणून उकरली, म्हणाला. बोटात घेऊन मोडली. आत पांढरी निघाली, बुळबुळीत. तेव्हाच ओळखली. तेवढ्यात ताईच्या चपला वाजल्या. अर्धी जागेवर दडपली, अर्धी मुठीत राहिली, ती वाळूत खुपसली.

"ओळखलीस, मग उपटून फेकली का नाहीस?"

त्यानं ताडपत्रीचं टोक हाताभोवती गुंडाळलं. मग म्हणाला, "त्या अंगणात उपटली होती ना. जितक्या छाटल्या तितक्या उगवल्या. कोबा सांध्यासांध्यात फुटला. दोनदा जाऊन बुजवला मी. त्यांनी मला चार माणसांत कामचुकार म्हटलं. ताई, माझ्या हातचं एवढं एकच काम फसलंय, आणि ते हिनं फसवलं. मला हिची भीती वाटते."

या सगळ्यात वहिनी कुठं होती? ती धुण्याच्या दगडामागे वाकली होती. तिथं सांडपाण्याच्या ओलीवर एक पान उभं होतं, आणि ते ती गेले काही दिवस रानटी गवत असल्याचं दाखवून त्यावर पाणी टाकत होती. आता ती सरळ झाली, कानांच्या पाळ्या लाल. दुसरा कपचा माझा हो वन्सं, म्हणाली, मी नुसतं चमच्यानं बघायला गेले, तर आतल्या तुकड्याचे दोन झाले. एक परत ठेवला. दुसरा टाकून द्यायचा धीर होईना, म्हणून इथं खोचला.

ताईनं डोळ्यांवर हात घेतला. रागावली असं गड्यांना वाटलं. पण तिचे खांदे हलत होते, आणि हात काढला तेव्हा सगळ्यांना दिसलं की बाई हसतेय, अशी हसतेय की डोळ्यांतून पाणी.

मिक्सरवाल्याला दुसरीकडे जायचं होतं. त्यानं व्यवहाराचं सांगितलं, उपटा तेवढी पानं, भरू घमेली, तासात मोकळे होऊ. त्यानं खोरं उचललं. मिस्त्रीनं त्याचं मनगट धरलं.

"वाळूत काडी असली तर मी परक्याच्या घरात घालत नाही. माझ्या घरात घालू? यात मुळ्या मोडून बसल्यात. नखाएवढी राहिली तरी उद्या माझा कोबा फोडून माझ्याच उशाशी येईल." मग जरा थांबून, ताईकडे न बघता, "घेऊन जा मिक्सर."

मिक्सर आला तसा बोळातून परत गेला. येताना तिघं होते, जाताना मिस्त्रीनंही मागून हात लावला.

लढाई संपली असं तुम्हाला वाटेल. ताईला तसं वाटलं नाही. तिनं त्याच दुपारी वाळूतला झुबका मुळासकट, ओंजळीत वाळू धरून, काढला आणि वाफ्यात आणून बसवला. वाळूत तुटून राहिलेले बारके तुकडेही वेचून घेतले. धुण्याच्या दगडामागचं पान तिथंच राहू दिलं. वहिनीचं होतं ते. संध्याकाळी मिस्त्री टेप घेऊन आला आणि म्हणाला की वाफ्याला निदान एक कड तरी बांधून देतो, चार बोटांची, सुबक. ताई म्हणाली, कड नको. हिला कड घालणारे आपण कोण. मग त्याचं पडलेलं तोंड बघून म्हणाली, मला बसायला कट्टा बांध. पण पाय उघड्या मातीवर टेकले पाहिजेत. मिस्त्रीनं कट्टा बांधला, ओळंबा लावून, गिलाव्याला आरशाची झिलई देऊन. आयुष्यात त्यानं एवढ्या लहान कामाला एवढा वेळ लावला नव्हता. ती वाळू मात्र तशीच पडून राहिली. तिला हात लावायला तो अजून तयार नाही.

आणि पुढच्या आठवड्यात पहिल्या नि तिसऱ्या कपच्यापाशी, ज्यांना कुणीच हात लावला नव्हता, तिथली माती फुगली आणि केसाळ टोकं वर आली. मोडलेल्या आधी उगवल्या आणि जपलेल्या मागून. ताईनं देवाकडे बघून जरा कुरकूर केली, की बाबा, जन्मभर मी लोकांना उकरू नका म्हणून सांगितलं आणि तू उकरणाऱ्यांनाच आधी पावलास. देवाची तऱ्हा देवाला ठाऊक.

त्या वर्षी फुलाचा दांडा आला, जांभळी कळी दिसू लागली, तशी ताईनं तो नखानं खुडला. पानंही कापली नाहीत. वहिनी हळहळली, एक फूल तरी बघू दिलं असतं. ताई म्हणाली, पहिलं वर्ष फुलाचं नाही, मुळाचं. बसू दे तिला. बसली की मग कुणाच्या बापाला उठवता येणार नाही. हे ती झाडाबद्दल बोलत होती की आणखी कुणाबद्दल, ते वहिनीनं विचारलं नाही. पण त्या दिवसापासून त्या घरात ताईला आराम करा असं कुणी म्हटलं नाही. ही पाटी उचला वन्सं, असं म्हणू लागले.

दुसऱ्या वर्षी ती कंबरेइतकी झाली. घंटा लागल्या, मधमाश्या आल्या. ताईनं पानं कापून परसभर अंथरली, आणि ज्या चुनखडीत काही उगवत नव्हतं तिथं वेल चढले, भाजी झाली. कुजक्या पानांच्या वासावरून शेजारच्या काकांनी कुरकूर केली, तेव्हा मिस्त्रीच कट्ट्यावरून म्हणाला की काका, साबण आला असेल तर न्या.

त्याच सुमारास म्हातारीच्या मुलांचा निरोप आला. अंगणाचा कोबा पुन्हा सांध्यातून फुटलाय, पानं वर आलीत, येऊन बुजवून जा. मिस्त्री हात पुसत उठला, चपला घातल्या, दारापर्यंत गेला. ताई बघत होती. दारातच त्यानं निरोप्याला सांगितलं की मला वेळ नाही. केव्हा असेल, असं निरोप्यानं विचारलं. मिस्त्री म्हणाला, या जन्मी दिसत नाही. आणि चपला काढून परसात जाऊन बसला, पाय मातीवर टेकवून.

गोष्ट इथं संपते. ताई आहे, तिची काळजी नको. मिस्त्री आहे, वहिनी आहे, त्यांचं बरं चाललंय. मागणं एवढंच आहे, ते सात नंबरच्या खाटेवरच्या म्हातारीसाठी. तिला आपल्या अंगणात पुन्हा पाऊल टाकता आलं नाही, आणि आज तिचं अंगण दोन घरांत उगवतंय. उद्या तुम्ही कुठल्या पक्क्या अंगणातून जाल, फटीतून एखादं खरखरीत केसाळ पान वर आलेलं दिसेल, हात सहज उपटायला जाईल. तेव्हा क्षणभर थांबा, आणि तिची आठवण काढा.